उस्तादांनी निवडलेला कॅमेरा

आमच्या कचेरीत ऊन उस्ताद मोजत. सकाळी साडेदहाला सायकल भिंतीला टेकवून ते दारात उभे राहायचे, डावा डोळा बारीक करून आभाळाकडे बघायचे आणि आत येता येता सांगायचे, "आज सोळाचं हाय." सोळाचं म्हणजे निवळ, कडक, परभणीचं नेहमीचं ऊन. ढग आले की आठचं. पावसाळ्यातली कोंदट दुपार साडेपाचची. हे आकडे कॅमेऱ्याच्या लेन्सवर कोरलेले असतात आणि उजेड वाढला की मोठा आकडा लावायचा असतो, हे आम्हा कारकुनांना त्यांच्यामुळेच कळलं. पुढे पुढे ते माणसंही त्याच मापानं मोजू लागले. साहेबांच्या खोलीतून बाहेर आले की शिपायाला हळूच म्हणायचे, "दोनवर आलेत. रजेचा अर्ज आत्ता नेऊ नको."

कचेरी हसायची. मीही हसायचो. उस्तादांच्या या गोष्टी मी नंतर लग्नाच्या पंगतीत, निरोपसमारंभात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितल्या आहेत. लोक हसतात. एक गोष्ट तेवढी सांगत आलो नाही.

शेतकऱ्यांसाठी पत्रकं काढणारी आमची कचेरी होती. कापसावरची बोंडअळी कशी ओळखावी, ज्वारीवर काणी पडली तर काय करावं, अशी. त्या पत्रकांत छापायला फोटो लागत, म्हणून एक छायाचित्रकाराची जागा मंजूर होती. त्या जागेवर उस्ताद. निजामाच्या अमदानीच्या शेवटी ते दहा-बारा वर्षांचे असताना सिकंदराबादला गेले आणि तिथल्या एका स्टुडिओत फरशी पुसता पुसता शिकले. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात निम्मी दखनी होती. वयानं लहान असलेला कुणीही त्यांचा 'मियाँ'. खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथंच राहिलं.

कपाशीच्या एका झाडासाठी ते शेतात तीन-तीन तास बसायचे. सोबत काळी छत्री. ती स्वतःवर धरत नसत, झाडावर धरत. "उनाच्या तडाख्यात पान लाजतं," म्हणायचे. अळी हलली की तिला शिवी नाही द्यायची. "बस बाई, इत्मिनानानं बस," अशी विनवणी करायचे. आणि हाच माणूस साहेबांचा फोटो काढायला सांगितला की आढ्याकडे बघायचा. एकदा मोठे साहेब दौऱ्यावर आले होते. झेंड्याजवळ उभे राहिले, टोपी नीट केली. उस्तादांनी कॅमेरा काढलाच नाही. नंतर आमच्या साहेबांनी फैलावर घेतलं तर शांतपणे म्हणाले, "सायेब, आमचं खातं पिकाचं. साहेबाला कीड लागली तर काढीन." त्या वर्षी त्यांची वेतनवाढ रोखली गेली. 

उस्ताद कुठल्या वस्तीत राहतात, कुठल्या समाजाचे, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कचेरीत कुणी बोलत नसे. फक्त दुपारी डबे उघडले की ते छत्री घेऊन कडुनिंबाखाली जायचे. तिथं बसून एकटे खायचे. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी किंवा कुणीही त्यांना 'इकडं या' असंही म्हटलं नाही.

मला कॅमेरा घ्यायचा होता. का, ते आज प्रामाणिकपणे सांगतो. गळ्यात अडकवून फिरायचा होता. माझा एक वर्गमित्र मुंबईहून आला तेव्हा त्याच्या गळ्यात तसला लांब नाकाचा कॅमेरा होता आणि गल्लीतल्या पोरी गॅलरीत आल्या होत्या. डब्यासारखा साधा कॅमेरा मला नको होता. ज्यात लेन्समधून येणारं चित्रच डोळ्याला दिसतं, आरसा आत खटकन उचलला जातो, तसला पाहिजे होता. आणि त्यातलं मला काहीच कळत नव्हतं.

परभणीत कॅमेरा घेणारा माणूस आधी उस्तादांना विचारायचा. डॉक्टरांचा त्यांनीच निवडलेला, जंगलखात्याच्या अधिकाऱ्याचाही. स्वतःचा मात्र त्यांच्याकडे एकही नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "सरकारचा हाय की. अन् तीन पोरींची लग्नं." सरकारचा म्हणजे कचेरीतला तो जुना, वरून वाकून बघायचा पेटीसारखा. तो कपाटात असायचा आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे.

"कशाचा फोटो काढणार तू?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"निसर्गाचा," मी म्हणालो.

"निसर्गाला तुझी गरज न्हाई. दुसरं सांग."

मला दुसरं सांगता येईना. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या एका तुकड्यात ब्लेडनं चौकोनी भोक पाडलं, फिल्मच्या एका चित्राएवढं, आणि माझ्या हातात दिलं. "म्हैनाभर यातून बघ. रोज सकाळी धा गोष्टी मला सांग. काय दिसलं, उजेड कुणीकडून होता, कडेला काय कापलं गेलं." मी लाजत लाजत तो पुठ्ठा घेऊन हिंडलो. सुरुवातीला मी सांगायचो, देऊळ दिसलं, बाजार दिसला. ते मान हलवायचे. "देऊळ सगळ्यांनाच दिसतं." तिसऱ्या आठवड्यात मी सांगितलं की भाजीवालीनं तराजू उचलला तेव्हा तिच्या हातावरच्या गोंदणावर तेवढंच ऊन होतं, तोंड सावलीत. उस्तादांनी पुठ्ठा परत घेतला. "आता घेऊ कॅमेरा," म्हणाले.

मला कुणी शिकवलं असं म्हणायचं तर त्या एका महिन्यानं शिकवलं. शाळेनं नाही, कॉलेजनं नाही.

मग सल्ले सुरू झाले. कारकुनी टेबलावर, जुन्या फायलींच्या पाठीमागे आकृत्या काढून. सगळं आपोआप करणारा नवा कॅमेरा निघाला होता, मला तोच हवा होता. उस्ताद म्हणाले, "नक्को. तो घेशील तर चूक झाली की कुणाची झाली ते कळायचं न्हाई. तुझी का त्याची. सुईवाला घे. सुई सांगती उजेड किती हाय. म्होरं काय करायचं ते तू ठरवायचं." रशियन स्वस्त मिळतो, तो घ्यावा का? "जड हाय. जड कॅमेरा घरी राहतो." दोन-तीन लेन्स घ्याव्यात का? "पयल्या वर्षी एकच. जवळचं पाहिजे तर पाय उचल."

परभणीत तसला मिळणार नव्हता. दोन दिवसांची रजा टाकून आम्ही रात्रीच्या गाडीनं हैदराबादला गेलो. माझ्यासाठी त्यांनी स्वतःची रजा खर्च केली, हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही.

आबिद्सजवळच्या एका गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान होतं. दुकानदारानं काचेवर पाच कॅमेरे मांडले. मी लगेच सर्वांत चकचकीत उचलला. उस्तादांनी तो माझ्या हातातून घेतला, डोळे मिटले आणि कानाला लावला. एक सेकंद. अर्धा. पाव. असं करत हजारापर्यंत शटर उडवत गेले. दुकानात गिऱ्हाइकं उभी, आणि हे डोळे मिटून गाणं ऐकल्यासारखे. मग डोळे उघडून म्हणाले, "पाचशेचा अन् हजाराचा आवाज एकच यायलाय. आतली कमान थकली." दुसऱ्याची पाठ उघडून उजेडाला धरली, शटरच्या पडद्याला सुईएवढं भोक सापडलं. तिसऱ्याच्या लेन्समध्ये बुरशी. चौथ्याच्या लेन्समधल्या पात्यांना तेल लागलेलं.

दुकानदार वैतागला. "मियाँ, कॅमेरा खरीदना है के शादी करनी है?"

"शादी में तो कोई इतना देखता नहीं," उस्ताद म्हणाले.

पाचवा जपानी होता. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून पितळ दिसत होतं. मला तो अजिबात आवडला नाही. उस्तादांनी तो दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा माझ्या कानाला लावला. "ऐक. एकेक आवाज येगळा हाय का न्हाई?" मला ऐकू आलं. खरंच ऐकू आलं. "घासलेला हाय म्हणजे चाललेला हाय," ते म्हणाले. "हाच घे. तुला जन्मभर पुरतो."

पुरला.

सकाळी गाडी परभणीला पोचली. पहिला रोल कसा भरायचा ते दाखवायला ते माझ्याबरोबर घरी आले. वडील ओसरीवर पेपर वाचत होते. तलाठी म्हणून निवृत्त झालेले. चार गावचे पाटील-देशमुख त्यांच्या उठबशीतले. मी म्हणालो, आमच्या कचेरीतले फोटोग्राफर. वडिलांनी चष्म्यावरून बघितलं, नाव विचारलं, गाव विचारलं, आणि म्हणाले, "बस तिथं." तिथं म्हणजे पायरीवर. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा माणूस. कचेरीत मी त्यांना अहो-जाहो करायचो. घरी वडिलांसमोर मी त्यांना हाकच मारली नाही. त्या तासाभरात मी त्यांच्याशी अशी वाक्यं बोललो की ज्यांत 'तू' पण येत नाही आणि 'तुम्ही' पण येत नाही. प्रयत्न करून बघा, जमतं.

आईनं चहा आणला. मला कपबशीतून, त्यांना कान तुटलेल्या कपातून. चहा पिऊन ते उठले, नळावर कप धुतला आणि नेऊन वळचणीच्या फळीवर पालथा घातला. जागा कुणी दाखवली नव्हती. त्यांना ती कळली होती. मग जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाले, "आता आईसायबांचा काढ. ज्वारी निवडायल्यात, खिडकीचा उजेड सुपावर हाय. चारवर ठेव." माझा पहिला फोटो तो. आईचा आजवरचा सर्वांत चांगला फोटो तोच आहे. पाहुणे आले की आई तो दाखवायची आणि म्हणायची, माझ्या लेकानं काढलाय.

ही नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं की नको, यावरून मराठवाड्यात गावं दुभंगली होती. अठ्ठ्याहत्तरात घरं जळाली ती सगळ्यांना ठाऊक आहेत. पण नंतरही ते विझलं नव्हतं. कुठं मोर्चा निघाला, कुठं पाटी लागली, की कुठल्यातरी गावात पाणी बंद, कुठं काम बंद. कचेरीत या विषयावर कुणी बोलायला लागलं की उस्ताद डार्करूममध्ये जायचे आणि दारावरचा लाल दिवा लावायचे. लाल दिवा असला की दार उघडायचं नाही हा नियम होता. आत ते काही धुवत नसायचे हे सगळ्यांना कळायचं.

कॅमेरा घेतल्याला दोन-अडीच वर्षं झाली होती. रविवार होता. सकाळी आठच्या सुमारास फाटकाशी सायकलची घंटी वाजली. उस्ताद. इतक्या वर्षांत बोलावल्याशिवाय ते प्रथमच आले होते. फाटक उघडून आत आले नाहीत.

"मियाँ, एका दिवसासाठी तुझा कॅमेरा दे."

मी विचारलं, काय झालं.

त्यांची धाकटी बहीण पूर्णा तालुक्यात दिलेली होती. चुडाव्याला गाडीतून उतरून पुढं दोन कोस चालत. त्या गावची चार पोरं मोर्च्याला परभणीला येऊन गेली होती. परवा वस्तीतली तीन घरं पेटली. त्यात एक बहिणीचं. तिची सासू आत होती, तिला ओढून काढलं, पण दोन्ही हात भाजले. "पंचनाम्यात लिव्हलंय, चिमणी लवंडली. तिन्ही घरात एकदमच चिमणी लवंडली. बाहेरून कड्या लावल्या होत्या रे. जळाल्या दारावर कड्या तशाच हायेत, अजून. आज बघितलं तर दिसतंय. उद्या गावकी येऊन साफ करणार हाय, म्हणं मदत करायलोत."

"आपला कचेरीतला?"

"साहेबानं काल किल्ली घरी नेली. म्हणला, सरकारी वस्तू हाय." त्यांनी सायकल फाटकाला टेकवली. "परभणीतले दोन स्टुडिओवाले विचारून झाले. कुणी येईना. तू येऊ नको. निस्ता कॅमेरा दे. रोल मी आणलाय." त्यांनी खिशातून रोलची डबी काढून दाखवली.

माझ्या मागे ओसरीवर वडील खाकरले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या गावचे पाटील दर दिवाळीला आमच्या घरी फराळाला यायचे. माझ्या नोकरीसाठी त्यांनीच कुणाला तरी शब्द टाकला होता.  वडिलांनी मला अडवलं असं म्हणायची सोय त्यांनी ठेवली नाही. ते नुसते खाकरले.

मी म्हणालो, "कॅमेरा... मेव्हण्यानं नेलाय. नांदेडला. लग्नाला."

कॅमेरा माझ्या पाठीमागे ओसरीच्या खुंटीला लटकत होता. चामडी खोळीत.

उस्तादांची नजर माझ्या खांद्यावरून गेली आणि परत आली. "असं का," म्हणाले. "बरं." रोलची डबी खिशात ठेवली. सायकल वळवली. ती वळवताना चाक फाटकात अडकलं. मी पुढं होऊन सोडवून दिलं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

ते तसेच गेले, चुडाव्याच्या गाडीला. जिंतूरच्या एका मास्तरांकडे साधा कॅमेरा होता, तो मिळवून तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तोवर जळकी दारं उचलून नेली होती, राख खत म्हणून शेतात टाकली होती आणि जमीन सारवून झाली होती. त्यांनी त्या सारवलेल्या जमिनीचे बारा फोटो काढले. ते मी नंतर डार्करूममध्ये वाळत घातलेले बघितले. स्वच्छ सारवलेली जमीन. उत्तम फोटो.

खटला उभा राहिला आणि पडला. कोर्टात वकिलानं विचारलं म्हणे, कड्या बाहेरून होत्या याला पुरावा काय? फोटो आहे का? बहिणीचं घर पुण्याकडे निघून गेलं. सासूचे हात बरे झाले, पण बोटं वळेनात. जन्मभर सुनेच्या हातानं जेवली. हे मला शिपायानं सांगितलं. 

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, उस्ताद कचेरीत आले, दारात उभे राहिले, आभाळाकडे बघितलं. "अकराचं हाय," म्हणाले. मग माझ्या टेबलाजवळून जाताना थांबले. "साहेब, ते कपाशीच्या पत्रकाचं कागद तुमच्याकडं हायेत का?"

साहेब. तुमच्याकडं. मी कारकून होतो.

त्यांनी अबोला धरला असता तर मी एखाद्या दिवशी तो मोडला असता. पण ते बोलायचे. कामाचं सगळं, नीट, वेळेवर. काही अडलं, एखादा रोल पांढरा पडला, तर का पडला ते समजावून सांगायचे, पूर्वीइतक्याच बारकाईनं. फक्त 'मियाँ' गेलं, 'तू' गेलं. बाकी कारकून त्यांचे मियाँच होते. मला एकट्याला मान होता. आठ वर्षं मी तो मान खाल्ला.

त्या कॅमेऱ्यानं मी पुष्कळ फोटो काढले. मुलांचे वाढदिवस, साखरपुडे. जिल्ह्याच्या एका स्पर्धेत मला बक्षीसही मिळालं, त्याच भाजीवालीच्या गोंदणाच्या, नंतर जाऊन काढलेल्या फोटोला. वर्तमानपत्रात छापून आलं. कुणाकडून शिकलात, असं बातमीदारानं विचारलं. मी म्हणालो, स्वतःच.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उस्ताद निवृत्त झाले. कचेरीच्या आवारात खुर्च्या मांडल्या, नारळ, शाल, हार. ज्या जागेवरच्या कुणाचाही फोटो उस्तादांनी कधी काढला नाही त्या जागेवरचे नवे साहेब मधे बसले आणि शेजारी उस्तादांना बसवलं. फोटो काढायला मी. मी कॅमेरा डोळ्याला लावला, सुई बघितली, बोट ठेवलं.

"साहेब," खुर्चीतून उस्ताद म्हणाले, "पाठीमागून उजेड यायलाय. सुईचं ऐकू नका. दोन घरं उघडा, न्हाईतर तोंडं काळी येतील."

मी लेन्स दोन घरं उघडली.

फोटो मोठा करून घेतला आणि पंधरा दिवसांनी तो द्यायला त्यांच्या घरी गेलो. सोबत नोकरी करून इतकी वर्षं झाली, त्यांच्या वस्तीत मी पहिल्यांदा जात होतो. दोनदा रस्ता विचारला. पत्र्याचं घर, पुढं तुळस आणि जास्वंद. उस्ताद बाजेवर बसले होते. त्यांनी फोटो हातभर लांब धरून बघितला, डावा डोळा बारीक करून. "चांगला आलाय. सगळ्यांची तोंडं उघडलीत."

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसतं म्हणालो, "उस्ताद, त्या रविवारी कॅमेरा घरीच होता."

"व्हय. खुंटीला होता. मला दिसला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी फोटो मांडीवर ठेवला.  आत त्यांची मुलगी शिवणयंत्र चालवत होती, ते थांबलं.

"काय बोलायचं? तुमी देत न्हाई म्हणला असतात तर भांडलो असतो. हक्कानं भांडलो असतो. गचांडी धरली असती तुमची. मी निवडलेला कॅमेरा, न्हाई कसा देतो म्हणलो असतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पण तुमी नांदेडच्या लग्नाचं सांगितलं. मग मी पाव्हणा झालो. पाव्हण्यानं काय भांडायचं?"

 यंत्र पुन्हा सुरू झालं.

त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. "हा तुमी कचेरीत लावा. तिथलाच हाय तो." मग गुडघ्यावर हात टेकून उठले, मला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आले. तिथं दोन माणसं बसली होती, त्यांना म्हणाले, आमच्या कचेरीतले साहेब हायेत. त्या दोघांनी उठून मला नमस्कार केला. मी तो घेतला आणि फोटो काखेत धरून चालू लागलो.